तुळस, रुद्राक्ष, बोधी: तीन जपमाळा रोज वापरून झाल्यावर

आधीच सांगते, कुठल्या माळेने शनी शांत होतो आणि कुठल्या माळेने बीपी उतरतं हे शोधत आला असाल तर इथे काही मिळणार नाही. मी माळ वापरते ती जपाला, सकाळी घरी आणि मग डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथे. त्यामुळे माझं बघणं एवढंच की माळ हातात नीट सरकते का, मध्येच अडकते का, किती दिवसांत तुटते आणि दुकानदाराने जे सांगून विकली तीच वस्तू आहे का. बाकी श्रद्धा ज्याची त्याची.

घरात माळांची कमी कधीच नव्हती. माहेरी बाबा माळकरी, सोलापूरकडचे, त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ कायम. सासूबाई गोंदवल्याच्या, म्हणजे माहेर तिकडचं नाही पण दरवर्षी जाणाऱ्या, त्यांचा "श्रीराम जय राम जय जय राम" हा तेरा अक्षरी मंत्र दिवसभर चालू, भाजी निवडतानासुद्धा. जाऊबाईंकडे स्फटिकाची. मी स्वतः आळीपाळीने तीन वापरल्यात: पंढरपूरची तुळशीची, ऑनलाइन मागवून नंतर गाठवून घेतलेली पंचमुखी रुद्राक्षाची, आणि काठमांडूला बौद्धनाथ स्तूपाच्या समोरून आणलेली बोधीची.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. जपमाळेत मणी १०८, वर एक मेरुमणी, तो मोजायचा नाही आणि ओलांडायचाही नाही, मेरू आला की माळ उलटी फिरवून परत मागे यायचं. १०८ केले तरी हिशेबात १०० धरतात, वरचे आठ चुकलेल्या, राहिलेल्या, झोपेत गेलेल्या जपाला. मधल्या बोटावर माळ, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. "श्रीराम जय राम जय जय राम" ची एक माळ म्हणजे माझ्या वेगाने चार-पाच मिनिटं, इस्कॉनवाले महामंत्राच्या १६ माळा करतात त्यांना सहज दोन तास लागतात. एवढा वेळ एखादी वस्तू बोटात राहणार असेल तर ती नीट बनलेली पाहिजे की नाही? चपला घेताना आपण दहा जोड घालून बघतो आणि माळ मात्र प्लास्टिकच्या पाकिटातली, न उघडता, वरचं लेबल वाचून घेतो.

तर पहिली तुळशीची, कारण माझं मत तिच्याच बाजूने आहे आणि ते लपवत नाही.

पंढरपुरात देवळाच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत बुक्का, अष्टगंध, लाह्या, बत्तासे, टाळ, वीणा यांच्या दुकानांत माळांचे घोसच्या घोस लटकलेले असतात, ते बघून माणूस गांगरतो. तिथे तुळशीच्या माळा करण्याचं काम पिढ्यानपिढ्या काशीकापडी समाजाकडे आहे. तुळशीची वाळलेली खोडं आणून, तुकडे करून, कातून मणी करायचे, भोक पाडायचं आणि ओवायचं. आता मोटरवर होतं पण ओवणं अजून हातानेच. आम्ही ज्या मावशींकडून घेतली त्या दुकानाच्या बाहेर पोत्यावर बसून ओवत होत्या. दोऱ्याचं टोक फेविक्विकने ताठ केलेलं, तीच सुई, आणि मांडीवरच्या ताटात मणी, त्यात ते टोक खुपसून एका दमात आठ-दहा मणी उचलायचे. बघत उभं राहावं असं काम.

मी म्हटलं, "मावशी, जपाला पाहिजे, गळ्यात घालायला नको."

"बोट दाव," म्हणाल्या. मला वाटलं अंगठीचं माप घेतायत की काय. माझं मधलं बोट धरून बघितलं आणि हातातली बाजूला ठेवली. "मोठा मणी नको तुला, बोटं बारीक हायती. ही घे, माऊली. मोठ्या मण्याची दिसायला बरी, पर वडताना कट्टाळा येतो."

हे वाक्य मला आजपर्यंत एकाही ऑनलाइन डिस्क्रिप्शनमध्ये सापडलेलं नाही. साधा गुणाकार करा ना. सहा मिलिमीटरचा मणी असेल तर १०८ मण्यांची माळ होते साधारण ६५ सेंटीमीटर, आठचा असेल तर ८६, दहाचा असेल तर मीटरच्या वर, त्यात गाठी धरल्या की अजून लांब. लांब माळ मांडीवर पडते, जमिनीवर लोळते, साडीच्या निऱ्यांत अडकते, गोमुखीत, म्हणजे जप करताना माळ झाकायच्या पिशवीत, घातली तर गोळा होतो. माझी सहाच्या आसपासची आहे, मुठीत सगळी मावते.

अस्सल तुळस ओळखायची कशी यावर सगळ्यांची आपापली शास्त्रं आहेत. बाबांची पद्धत मला पटते. ते मण्याला कडेला नखाने जरासं खरवडतात, आत-बाहेर रंग एकच आला पाहिजे, फिकट, पिवळसर-तपकिरी. वरून काळपट आणि आतून पांढरं निघालं तर रंगवलंय, मग लाकूड कुठलंही असो. ओलं बोट चोळून बघायचं, बोटाला रंग लागता कामा नये. आणि थोडं डोकं चालवायचं, तुळस म्हणजे झुडूप, तिचं खोड केवढं असणार? तरी सुपारीएवढे गुळगुळीत, सगळे एकाच मापाचे, चकचकीत मणी "ओरिजिनल तुळशी" म्हणून विकतात आणि लोक घेतात. वासावर तर अजिबात जाऊ नका, तुळशीच्या लाकडाला पानासारखा घमघमाट येत नाही, पाकीट उघडल्याउघडल्या वास अंगावर आला तर ते अत्तर आहे.

यावरून आठवलं, पंढरपूरला जाण्याआधी मी एका मोठ्या साइटवरून तुळशीचीच मागवली होती, नाव घेत नाही. "सर्टिफाइड", "अभिमंत्रित", "एनर्जाइज्ड" असे सगळे शब्द होते, सोबत लॅमिनेट केलेलं कार्ड, वेलवेटची पिशवी. तिसऱ्या दिवशी बोटं चॉकलेटी झाली. मग संशय आला म्हणून मणी मोजले तर १०६! परत मोजले, मुलाला मोजायला लावले, १०६च. कस्टमर केअरला कळवलं तर उत्तर आलं की हा हॅंडमेड प्रॉडक्ट असल्यामुळे थोडा फरक असू शकतो. अहो, रंगात फरक समजू शकते, पण संख्येत? जपमाळ आहे ती, तिचं कामच मोजायचं आहे. पैसे परत मिळाले नाहीत, त्यांनी कूपन दिलं. त्या कार्डावर मात्र १०८ छापलेलं होतं ठळक अक्षरात.

म्हणून घेताना तिथेच उभं राहून मोजा. लाजायचं कारण नाही, पंढरपूरच्या मावशींना काही वाटलं नाही, उलट त्या स्वतःच मोजून दाखवत होत्या, चार-चारचे गट करत, एवढ्या वेगाने की मला माझं वेगळं मोजावंच लागलं.

तुळशीच्या माळेचे दोष पण आहेत, ते सांगते. लाकूड मऊ आहे, त्यामुळे वर्षभरात भोकं मोठी होतात आणि मणी दोऱ्यावर डुगडुगायला लागतात. सुती दोरा घाम पितो, काळा पडतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर कुबट वाससुद्धा येतो. तुटते ती बहुतेक मेरूपाशीच, कारण तिथेच आपण माळ वळवतो आणि सगळा ताण त्या गाठीवर येतो. माझी लोकलमध्ये तुटली होती, मुलुंडच्या आसपास, पूर्ण डबा माझे मणी शोधत होता, एका काकूंनी तर दोन मणी पार पर्समध्ये पडलेले ऑफिसला पोचल्यावर बघितले आणि दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात आणून दिले. घरी गळ्यातल्या माळेचं प्रकरण याहून कडक असतं. बाबांची माळ तुटली की ती परत ओवून गळ्यात पडेपर्यंत ते जेवत नाहीत, त्यामुळे आईच्या शिवणाच्या डब्यात जाड दोरा कायम तयार. आणि आमच्याकडे गळ्यातली वेगळी, जपाची वेगळी, एकीचं काम दुसरीला लावत नाहीत. ज्यांना फॅशन म्हणून तुळशीची माळ गळ्यात घालायचीये त्यांना एवढंच सांगते की वारकऱ्यांत माळ घालणं म्हणजे मटण-दारू सुटली, एकादशी आली, वारी आली. कोणी अडवणार नाही तुम्हाला, पण चिकन बिर्याणी खाताना एखादे आजोबा टक लावून बघतील तेव्हा ते का बघतायत ते माहीत असू द्या.

किंमत म्हणाल तर साधी जपाची शे-दीडशेत आली. या पैशात याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क दोऱ्याचा कापला.

आता रुद्राक्ष. हे प्रकरण जास्त डोक्याचं आहे कारण यात पैसाही जास्त आणि थापाही जास्त.

मुळात रुद्राक्ष म्हणजे एका झाडाच्या फळातली बी, फळ निळं असतं, गर काढून टाकला की आत ही खडबडीत बी. त्यावरच्या उभ्या रेषा म्हणजे मुखं. नेपाळचे दाणे मोठे, अगदी वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत, इंडोनेशियाचे लहान, पाच ते दहा-बारा. बाजारात मिळणाऱ्या जपाच्या बारीक माळा बहुतेक इंडोनेशियाच्या दाण्यांच्या असतात आणि त्यात वाईट काही नाही, उलट जपाला तेच बरे. नेपाळच्या मोठ्या दाण्यांची १०८ ची माळ करायला गेलात तर दोन मीटरच्या वर जाते, ती फोटोला चांगली.

पंचमुखी सगळ्यात जास्त पिकतो म्हणून सगळ्यात स्वस्त. त्यामुळे पंचमुखीच्या माळेसोबत "लॅब सर्टिफिकेट" देऊन त्याचे वेगळे पैसे लावणं हा मला निव्वळ विनोद वाटतो, ज्याची नक्कल करून काही सुटत नाही त्याची नक्कल कोण करेल? नक्कल होते ती एकमुखी, गौरीशंकर (म्हणजे मुळातच जोडलेले दोन दाणे) आणि चौदा-पंधरा मुखी वगैरे महागड्यांची. दोन दाणे चिकटवायचे, वरून रेषा कोरायच्या. काजूच्या आकाराचा दाणा एकमुखी म्हणून हजारो रुपयांना विकताना मी त्र्यंबकेश्वरला स्वतः बघितलंय, विकणाऱ्याने माझ्यासमोर तो पाण्यात टाकला, बुडाला, आणि म्हणाला बघा ताई ओरिजिनल. पाण्यात बुडण्याने काही सिद्ध होत नाही! जड जातीचं लाकूडही बुडतं आणि वाळलेला खरा रुद्राक्ष तरंगूही शकतो. तांब्याच्या दोन नाण्यांमध्ये ठेवला की गरगर फिरतो तो प्रकार तर सोडूनच द्या, बोटाने ढकलला की काहीही फिरतं. खरी खात्री म्हणजे एक्सरे, आत जेवढी मुखं तेवढे बियांचे कप्पे दिसतात. पण दोनशे रुपयांच्या माळेला एक्सरे काढणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर मी त्याला आधी चहा पाजेन.

माझी आठ मिलिमीटरची, साडेतीनशेला आली. दाणे खरंच चांगले होते, सारखे, कीड नाही, सगळ्यांची पाचही मुखं स्पष्ट. दोरा मात्र टाकाऊ, नायलॉनचा, गुळगुळीत, गाठ आपोआप सुटणारा. मग मी ती पुण्याला गेले तेव्हा मध्यवस्तीतल्या एका पटवेकऱ्याकडे दिली. मंगळसूत्र, पोहेहार वगैरे गाठवून देणारे हे लोक आता फार उरले नाहीत, पण जे आहेत त्यांच्या हातात जादू आहे. त्यांनी माळ आधी सरळ कापून टाकली, दाणे वाटीत ओतले, भोकांत अडकलेला भुसा तारेने काढला आणि मग लाल रेशमावर एकेक दाणा घेऊन प्रत्येक दाण्यानंतर गाठ. मी विचारलं, "काका, प्रत्येक दाण्याला गाठ कशाला, वेळ जाईल ना?" तर मान वर न करता म्हणाले, "गाठ असली की दाणा दाण्याला घासत नाही, आणि तुटली तर एकच पडतो, सगळे नाही पडत. तुम्ही उद्या या."

गाठवण्याचे पैसे माळेएवढेच झाले आणि ते पैसे मला माळेच्या किमतीपेक्षा जास्त वसूल वाटले. गाठीमुळे दोन दाण्यांत जरा अंतर राहतं, अंगठ्याला नेमकं कळतं की एक संपला आणि दुसरा आला, डोळे मिटलेले असताना हे फार महत्त्वाचं आहे. बिनगाठीच्या माळेत घाई झाली की दोन दाणे एकदम सरकतात आणि आपण आपलं फसवत बसतो.

रुद्राक्ष वापरायला कसा, तर सुरुवातीला टोचतो. बोटाच्या पेराला चांगलाच घट्टा पडतो, नाजूक हात असतील तर महिनाभर सहन करावं लागेल, मग दाणा हळूहळू गुळगुळीत होतो, रंग गडद होतो. खाचांत मळ साचतो, त्याला जुना टूथब्रश आणि नंतर तिळाच्या तेलाचं एक बोट पुरे, साबण नको. टिकाऊपणात तुळशीला केव्हाच मागे टाकतो, दाणा फुटायचं नाव घेत नाही, सासऱ्यांच्या आईची माळ घरात अजून आहे आणि तिचा दोरा कितव्यांदा बदललाय ते कोणालाच आठवत नाही. ट्रेनमध्ये मात्र ओढणीच्या जाळीत अडकतो, एक ओढणी गेली त्यात. पाचपैकी चार, तेही गाठवून घेतल्यावर. पाकिटातून काढली तशीच वापरणार असाल तर अडीच.

तिसरी बोधीची. मुक्तिनाथ-पशुपतीनाथ यात्रेला गेलो होतो, त्यात काठमांडूला बौद्धनाथ असतंच. पांढरा प्रचंड घुमट, वर चारी बाजूंना डोळे, आणि खाली सगळं जग एकाच दिशेने, उजवीकडे ठेवून, प्रदक्षिणा घालतंय. २०१५च्या भूकंपात वरचा भाग तडकला होता, तो नव्याने बांधून २०१६ला परत खुला केला. आजूबाजूच्या गोलात माळांची दुकानंच दुकानं.

तिथल्या तिबेटी आज्या चालता चालता जप करतात आणि मी जप सोडून त्यांचे हातच बघत बसले. बहुतेकींची माळ डाव्या हातात, कारण उजव्या हातात फिरवायचं मणिचक्र, म्हणजे प्रार्थनाचक्र, आणि मणी तर्जनीवरून अंगठ्याने ओढतात! आपल्याकडे तर्जनी लागली तर सासूबाई डोळे वटारतात, इथे लाखो लोक तर्जनीवरच "ओम मणि पद्मे हुं" करतायत. मला गंमत वाटली, सासूबाईंनाही सांगितलं, त्या म्हणाल्या, "त्यांचं त्यांच्याकडे, तू मधलंच बोट वापर."

त्यांच्या माळेतली एक सोय मात्र आपल्याकडे यायलाच पाहिजे. माळेला दोन छोट्या लड्या लटकवलेल्या असतात, प्रत्येकीत दहा बारीक मणी, एकीच्या टोकाला वज्र आणि दुसरीच्या टोकाला घंटा. एक माळ झाली की एका लडीतला एक मणी वर सरकवायचा, दहा माळा झाल्या की दुसऱ्या लडीतला एक. म्हणजे शंभर माळांपर्यंतचा हिशेब माळेतच, वही नाही, मोबाइल नाही. मणी लडीवर घट्ट बसतात, आपोआप घसरत नाहीत. मी येताना अशा दोन लड्या सुट्या घेतल्या आणि माझ्या रुद्राक्षाला लावल्या. सासूबाई आधी नाक मुरडत होत्या, आता त्यांनाही पाहिजेत.

आता खुद्द मण्यांबद्दल. बोधी म्हटलं की आपल्याला वाटतं पिंपळाची बी, बुद्धगयेच्या झाडाची. पण पिंपळाचं फळ फोडून बघा, आतलं बी खसखशीएवढं, त्याला भोक कोण पाडणार? नेपाळमध्ये ज्याला बोधिचित्त म्हणतात तो वेगळ्याच झाडाचा, बोराच्या कुळातल्या, मणी. काठमांडूच्या पूर्वेला काभ्रेपलाञ्चोक जिल्ह्यात तिमाल म्हणून भाग आहे, तिथे ही झाडं आहेत, आणि शास्त्रज्ञांनी या झाडाला झिझिफस बुधेन्सिस असं नाव देऊन नवी जात म्हणून नोंदवलं ते चक्क २०१५ साली. चीनमधून मागणी आल्यावर भाव असे चढले की लोक झाडाला कुंपण घालून राखण करतात. आणि यातही उलटा हिशेब, दाणा जितका बारीक तितका महाग. खऱ्याची किंमत ऐकून मी दुकानातून नुसतीच मान डोलावून बाहेर आले, त्यात आमची गाडी दुरुस्त झाली असती.

मग जे आपल्याला परवडतं, हस्तिदंती रंगाचे गोल मणी, अंगावर बारीक काळे ठिपके आणि एक मोठा गोल खड्डा, ज्याला चंद्र-तारा म्हणतात, ते काय? ते वेताच्या एका जातीचं बी. बोधी म्हणून सर्रास विकतात, आपल्याकडच्या साइट्सवर तर "पवित्र बोधिवृक्षाचे बीज" असं लिहून. बौद्धनाथच्या ज्या दुकानातून मी घेतली तिथल्या मुलाने स्वतःहून सांगितलं, "दीदी, ये बेंत का है, असली बोधिचित्त वो अंदर काच में है." या एका वाक्यावर मी घेतली, घासाघीससुद्धा अर्धीच केली. नेपाळी दोन हजार सांगितले होते, आपले शंभर म्हणजे त्यांचे १६०, त्यामुळे मनातल्या मनात भागाकार करत भाव करावा लागतो आणि तिथे दुकानदार आपल्यापेक्षा हुशार असतो.

माल म्हणून मात्र हा चंद्र-तारा अप्रतिम आहे. दगडासारखा कठीण, गुळगुळीत, वजनाला बरा, बोटावर घरंगळतो. वापरून वापरून हाताच्या तेलाने पांढऱ्याचा पिवळा आणि मग मधाळ तपकिरी होत जातो, तो रंग मला फार आवडतो. दोष असा की दहा मिलिमीटरचा मणी, माळ लांब, आणि फार घरंगळतो. एसी डब्यात ठीक, पण उन्हाळ्यात घामेजलेल्या बोटांतून निसटतो. शिवाय माझी माळ इलॅस्टिकवर ओवलेली निघाली, हे मला हॉटेलवर गेल्यावर कळलं, सैल झालेल्या मोज्यासारखी, मणी ओढला की दोराच ताणतो आणि सोडला की मणी परत जागेवर. जपाला इलॅस्टिक म्हणजे निव्वळ छळ. परत आल्यावर तीही गाठवली. पाचपैकी साडेतीन.

इथे एक सांगायला हवं. ऑफिसातली माझी मैत्रीण नागपूरची, बौद्ध, तिला मी कौतुकाने ही माळ दाखवली तर ती हसली, म्हणाली आमच्याकडे वंदना असते, त्रिशरण-पंचशील असतं, जपमाळ कोणाच्या हातात दिसणार नाही. तेव्हा बौद्ध म्हणजे माळ असं काही नाही, तिबेट-नेपाळ-जपानकडे आहे, आपल्या महाराष्ट्रातल्या बौद्धांत नाही. आणि इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेला जाणार असाल तर कुठलीच माळ नेऊ नका, शिबिराच्या नियमातच आहे, नेली तर शिबिर संपेपर्यंत व्यवस्थापनाकडे जमा करावी लागते. तिथे श्वास बघायचा, मोजायचं काही नाही.

स्फटिकाचं दोन ओळींत. थंडगार, देखणा, जड, पण काच खपवायला सगळ्यात सोपा. आत बारीक बुडबुडे दिसले तर काच, खरा स्फटिक काचेवर ओरखडा काढतो. भोकाच्या कडा धारदार राहिल्या तर दोरा कापतात, जाऊबाईंची सारखी तुटते. देव्हाऱ्यात ठेवायला छान.

आणि ते बोटात घालायचं काउंटर, लाल-निळं, पन्नास-साठ रुपयांचं. डब्यात निम्म्या बायकांच्या बोटात तेच असतं आणि मी नावं ठेवणार नाही, उभ्याने प्रवास करताना एक हात हॅंडलला असतो, माळ कशी ओढणार. पण बाजूचं रिसेटचं बटण इतकं मोक्याच्या जागी दिलंय की गर्दीत कोणाचा कोपर लागला की हजाराचा शून्य. गोंदवल्याला आकडा लिहून देणाऱ्या आमच्या सासूबाईंनी एकदाच वापरलं आणि नातवाला खेळायला दिलं. मोबाइलवरच्या जपाच्या अॅपमध्ये तर मधेच कर्जाची जाहिरात येते. आकडा लागतच नसेल तर बोटांची पेरं आहेतच, फुकट.

गोमुखी घेणार असाल तर तर्जनीसाठी बाजूला भोक आहे का ते बघा, आणि आतल्या शिवणीचे दोरे सुटे तर नाहीत ना. आतल्या बाजूला दोरे लोंबत असले की रुद्राक्ष त्यात गुंततो आणि जप सोडून आपण सोडवत बसतो.

एवढं सगळं वापरून माझं म्हणणं एकच झालंय, मण्यावर जेवढा खर्च करता त्याच्या निम्मा तरी दोऱ्यावर करा. दुकानात पहिल्यांदा मेरूच्या खालची गाठ बघा, मग दोरा ताणून बघा, मग दोन मण्यांत नखाएवढी जागा आहे का ते, आणि सगळ्यात शेवटी मणी कशाचे आहेत ते. सगळीकडे नेमकं उलटं चालतं, मण्याचं पुराण अर्धा तास सांगतात आणि दोरा कुठला विचारला की "धागाच आहे ना ताई" असं उत्तर.

मी सध्या परत तुळशीवर आले आहे, त्याच मावशींकडून घेतलेली दुसरी. पंढरपूरला त्यासाठी जाणार असाल तर आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत जाऊ नका, त्या दिवसांत कोणाला बोट बघायला वेळ नसतो आणि बाहेरून आलेला रंगवलेला मालही तेव्हाच जास्त असतो. साध्या दिवशी दुपारी जा, दोरा दुहेरी घालून मागा, दहा-वीस रुपये जास्त घेतील, आणि निघताना चार-पाच सुटे मणी मागून घ्या, त्याच मापाचे. हसून देतात, पैसे घेत नाहीत.